दानझोंग: छातीच्या मधोमधचा बिंदू आणि उभी सुई

केतकी_करवीर

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

मी १४ वर्षं अ‍ॅक्युपंक्चरची प्रॅक्टिस करते. गेल्या आठवड्यात एक तरुण पेशंट आला. बँकेत नोकरी, वय तिशीच्या आत. रात्री अचानक धडधडतं, श्वास पुरत नाही असं वाटतं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं करून झालेलं आणि सगळं नॉर्मल. बोलता बोलता त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गृहस्थ स्वतःच्या छातीच्या बरोबर मधोमध सुई उभी धरून आत दाबत होते. मग याने खिशातून ऑनलाइन मागवलेलं सुयांचं पाकीट काढलं. "ताई, हे घरी केलं तर चालेल ना?" मी आधी ते पाकीट त्याच्या हातातून घेतलं आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, मग बोलायला बसले. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय.

या बिंदूचं नाव दानझोंग. रेन म्हणजे शरीराच्या पुढच्या मध्यरेषेवरून जाणाऱ्या वाहिनीवरचा हा १७ वा बिंदू, म्हणून चार्टवर सीव्ही १७ (सीव्ही हे याच वाहिनीचं इंग्रजी लघुनाव) किंवा रेन १७ असं लिहिलेलं दिसेल. नावाचा अर्थ साधारण "छातीचा मध्य". ज्याला ऊर दडपल्यासारखं होतं, त्याला "कुठे होतं?" विचारा. तो बोट दाखवत नाही, अख्खा तळवा छातीवर ठेवतो. तळव्याचा मधला खळगा जिथे येतो, जवळपास तिथेच हा बिंदू आहे.

चिनी वैद्यकाच्या जुन्या ग्रंथात, 'हुआंगदी नेईजिंग'मध्ये, शरीरातल्या अवयवांना दरबारातले अधिकारी मानलंय. हृदय राजा, फुफ्फुस मंत्री वगैरे. त्यात दानझोंगला दूताचं पद आहे आणि "हर्ष आणि आनंद त्याच्याकडून निघतात" असं म्हटलंय. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याला "ची चा समुद्र" म्हणतात. ची म्हणजे आपण ढोबळपणे प्राण किंवा वायू म्हणू. म्हणून खोकला, दमा, उचकी, छातीत कोंडल्यासारखं होणं, बाळंतिणीला दूध कमी येणं अशा तक्रारींत हा बिंदू घेतात. हृदयाभोवतीच्या आवरणाचा पुढचा मुख्य बिंदूही हाच.

आता शोधायचा कसा ते. माझ्या बाईंनी मला जे बोटाने शिकवलं तेच सांगते. गळ्याखाली जो खळगा असतो तिथे बोट ठेवा. तिथून छातीच्या हाडावरून हळूहळू खाली या. साधारण दोन इंचांवर एक आडवा उंचवटा लागेल, अंधारातही बोटाला कळतो. त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी. आता बोट हाडाच्या कडेला न्या. दुसऱ्या बरगडीखालची फट दुसरी, मग तिसरी बरगडी आणि तिसरी फट, चौथी बरगडी आणि चौथी फट. तिथून बोट सरळ आडवं मध्यरेषेवर आणा. तेच दानझोंग. बाई पेशंटच्या छातीवर बोट ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. "डोळ्याने शोधशील तर चुकशील, बरगड्या मोज," असं म्हणायच्या.

त्या ठिकाणी कातडीखाली जेमतेम पातळ थर असतो आणि मग लगेच हाड. त्यामुळे सुई उभी घालायची नसतेच. अंगठा आणि तर्जनीने कातडी चिमटीत उचलायची आणि सुई जवळपास आडवी, कातडीखालून सरकवायची. ०.३ ते ०.५ चून, बस. चून म्हणजे पेशंटच्या स्वतःच्या अंगठ्याची सांध्याजवळची रुंदी.

"हाड आहे ना मागे, मग सुई उभी घातली तरी हाडावर थांबेल," असं बऱ्याच जणांना वाटतं. व्हिडिओतले गृहस्थही तेच सांगत होते. पण काही लोकांच्या छातीच्या हाडात जन्मतःच एक भोक असतं. बाहेरून दिसत नाही, दुखत नाही, माणसाला आयुष्यभर पत्ता नसतो. आणि त्या भोकाच्या मागे हृदय असतं. १९९५ साली नॉर्वेच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये अशाच एका मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. अशा भोकातून सुई गेली, हृदयाच्या आवरणात रक्त साठलं आणि हृदय दाबलं गेलं.

बोटाने दाबायला, हळूहळू गोल चोळायला हरकत नाही. सुई घरी नको. आणि छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल तर कुठलाही बिंदू दाबत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

---

शेखर_विंचूर

उत्तम धागा. एक प्रश्न. सगळीकडे "दोन स्तनाग्रांच्या मधोमध" असं वाचलंय. मग बरगड्या मोजायची गरज काय?

---

केतकी_करवीर

पुरुषांत ते बहुतेक वेळा जुळतं. स्त्रियांत आणि वयस्कर माणसांत जुळत नाही. वयाबरोबर, बाळंतपणानंतर, वजनाप्रमाणे जागा खाली सरकते, पण बरगड्या आहेत तिथेच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या प्रमाणित जागा प्रसिद्ध केल्या. चीन, जपान आणि कोरियाच्या तज्ज्ञांनी बसून ठरवल्या त्या. त्यातही चौथी फटच धरली आहे.

---

क्षकिरण

मी रेडिऑलॉजीत आहे. केतकीताईंनी लिहिलेल्या भोकाबद्दल थोडी भर घालतो, कारण सीटीवर ते अधूनमधून दिसतंच.

छातीचं हाड गर्भात एकसंध तयार होत नाही. डावी आणि उजवी अशा दोन पट्ट्या असतात, त्या मध्यावर जुळतात. जुळताना एखाद्या जागी फट राहिली की हे भोक तयार होतं. वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण शंभरातल्या चार ते आठ जणांत सापडतं. बहुतेक वेळा हाडाच्या खालच्या तिसऱ्या भागात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या बिंदूच्या पातळीवर किंवा थोडं खाली. आकार काही मिलिमीटरपासून सेंटिमीटरच्या पुढेही.

समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेवर ते दिसेल असं समजू नका, मागच्या मणक्यांच्या सावलीत लपतं. आणि बोटालाही लागत नाही, कारण भोकावर तंतूंचा घट्ट पडदा असतो. म्हणजे सुई टोचणाऱ्याला "लिगामेंट लागलं" असं वाटेल आणि तो आणखी जोर देईल. सडपातळ माणसात कातडीपासून हृदयाच्या आवरणापर्यंत दोन सेंटिमीटरही अंतर नसतं. सुया केवढ्या असतात ते तुम्हाला माहीत आहे.

अस्थिमज्जेची तपासणी करणाऱ्यांनाही याच कारणासाठी छातीच्या हाडाच्या खालच्या भागात सुई घालू नका असं शिकवतात.

---

केतकी_करवीर

क्षकिरण, मनापासून धन्यवाद. पडद्याचा मुद्दा मी माझ्या विद्यार्थ्यांना आजच सांगणार आहे.

---

विवेकानुभव

माझा आक्षेप मूळ पायावर आहे. ची कुणी मोजलेली नाही, वाहिनी विच्छेदनात सापडत नाही. मग सुरक्षितपणे टोचण्याच्या चर्चेला तरी काय अर्थ? काही पुरावा आहे का?

---

केतकी_करवीर

प्रश्न रास्त आहे. ची प्रयोगशाळेत दाखवता येते असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्यासाठी ती अनुभव मांडण्याची भाषा आहे, शरीररचनेचं वर्णन नाही.

पुराव्याबद्दल एक ठोस उदाहरण देते. २०१९ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये चीनमधला एक अभ्यास आला. स्थिर अंजायनाचे (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचे) ४०४ रुग्ण, चार गट: योग्य वाहिनीवरचे बिंदू, दुसऱ्या वाहिनीवरचे बिंदू, खोटं अ‍ॅक्युपंक्चर आणि नुसती प्रतीक्षा यादी. सगळ्यांची नेहमीची औषधं चालूच होती. चार आठवडे उपचार झाले आणि पहिल्या गटात छातीत दुखण्याचे झटके बाकी तिन्ही गटांपेक्षा जास्त कमी झाले. आता लक्ष द्या, त्या गटाचे बिंदू कुठले? नेईगुआन आणि तोंगली. दोन्ही मनगटाजवळ, हाताच्या आतल्या बाजूला. छातीच्या तक्रारीसाठी छातीत सुई घालावीच लागते असं नाही. धाग्याच्या सुरुवातीला सांगितलेल्या तरुणालाही मी नेईगुआनच घेतला, दानझोंग फक्त बोटाने. शिवाय मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली, कारण मला ते पॅनिकचे झटके वाटले.

एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही, हेही तितकंच खरं.

---

विवेकानुभव

"औषधं चालूच होती" हे तुम्ही आपणहून लिहिलंत, ते महत्त्वाचं. बहुतेक लोक नेमकं तेच गाळतात. अभ्यास वाचतो.

---

गोदाकाठ

माझे बाबा ६१ वर्षांचे. गेले दोनतीन महिने जिना चढताना छातीत मध्यभागी दाब येतो. ते थांबतात, मधोमध अंगठ्याने दाबतात आणि पाचएक मिनिटांत बरं वाटतं. परवा त्यांना हा धागा वाचून दाखवला तर म्हणाले, "बघ, मी बरोबर जागा दाबतो." आठवड्यातून किती वेळा दाबावं?

---

क्षकिरण

गोदाकाठ, कृपया हे गंभीरपणे घ्या. चढताना दाब आणि थांबल्यावर पाच मिनिटांत आराम, हे अंजायनाचं अगदी नेहमीचं वर्णन आहे. बाबांना बरं वाटतं ते थांबल्यामुळे, दाबल्यामुळे नाही. उद्यावर टाकू नका, आजच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर जिना नको.

---

केतकी_करवीर

क्षकिरण म्हणतात ते शब्दशः खरं आहे. गोदाकाठ, दादा, आत्ता निघा. रात्र झाली असली तरी. दाबायचं नाही, चालवत न्यायचं नाही. काय झालं ते इथे नक्की कळवा.

---

पूर्वेकडे

मी ९ वर्षं शांघायमध्ये होते. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली उच्चाराची. रोमन लिपीत डी लिहितात म्हणून आपण "द" म्हणतो, पण चिनी कानाला तो आपल्या "त"च्या जवळचा आहे. झोंगही "चुंग"सारखं. "तानचुंग" म्हणालात तर तिथला वैद्य पटकन ओळखेल. आणखी एक गंमत, तेच चिनी अक्षर "शान" असंही वाचतात आणि तेव्हा त्याचा अर्थ मेंढीच्या मटणाचा उग्र वास. म्हणून काही जुन्या पुस्तकांत "शानझोंग" छापलेलं दिसतं. बिंदू एकच.

दुसरी गोष्ट माझ्या मुलीच्या जन्माची. तिथे बाळंतिणीचा महिना फार कडक पाळतात, आपल्या सव्वा महिन्यासारखाच. घरी राहायला युएसाओ येते, बाळंतीण आणि बाळ दोघांचं बघणारी बाई. माझी युएसाओ पन्नाशीची, आनहुई प्रांतातली. पाचव्या दिवशी दूध नीट येईना, मी रडत होते. तिने गरम टॉवेल छातीवर ठेवला, हात चोळून गरम केले आणि अंगठ्याने मधोमध वरून खाली हळूहळू निथळल्यासारखं दाबत राहिली. मग दोन्ही बाजूंना, खाली. करंगळीच्या नखाच्या कोपऱ्यातही दाबायची, तिथे जीव जायचा. आणि पूर्ण वेळ माझ्याशी गप्पा. दूध आलं ते त्या बिंदूमुळे, गरम टॉवेलमुळे, बाळाला वारंवार पाजल्यामुळे की कुणीतरी शांतपणे शेजारी बसल्यामुळे, ते मला सांगता येणार नाही. तिच्या अंगठ्याची ऊब मात्र अजून आठवते.

---

केतकी_करवीर

पूर्वेकडे, किती सुंदर लिहिलंत. करंगळीचा तो बिंदू शाओझे. दूध येण्यासाठी दानझोंग, स्तनाखालचा रूगेन आणि शाओझे, ही ठरलेली तिकडी आहे. तुमची युएसाओ परंपरेला धरूनच करत होती.

---

वैद्य_अनघा

मी आयुर्वेदाची. हा धागा वाचताना सतत सुश्रुत आठवत होते. शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात १०७ मर्मं सांगितली आहेत. त्यात हृदय हे मर्म दोन्ही स्तनांच्या मध्ये, उरात, आमाशयाच्या द्वाराशी, सत्त्व-रज-तमाचं अधिष्ठान. ते सद्यःप्राणहर म्हणजे दुखापत झाली तर तत्काळ प्राण घेणारं. एकाच जागी चिनी ग्रंथाला आनंदाचा उगम दिसतो आणि सुश्रुतांना मनाच्या तिन्ही गुणांचं घर. फरक एवढाच की सुश्रुत ते शस्त्रापासून जपायला सांगतात.

---

केतकी_करवीर

अनघाताई, फरक वाटतो तेवढाही नाही, आणि हे मला फार सांगायचं होतं. चिनी परंपरेतही या जागी सुई कायम मान्य नव्हती. १६०१ मध्ये यांग जीझोऊंचा 'झेनजिऊ दाचेंग' हा मोठा संग्रह आला. त्यात सुई वर्ज्य असलेल्या बिंदूंचं एक गीत आहे, विद्यार्थ्यांना पाठ करायला सोपं जावं म्हणून पद्यात. त्या यादीत दानझोंगचं नाव आहे. तिथे शेक द्यायचा, सुई नाही. आडवी, उथळ सुई हल्लीच्या पाठ्यपुस्तकांतली पद्धत. व्हिडिओतले गृहस्थ "हजारो वर्षांची परंपरा" म्हणत उभी सुई घालत होते, तेव्हा मला हेच गीत आठवत होतं.

शेक म्हणजे मोक्सा, 'आई' या चिनी नावाच्या वाळवलेल्या वनस्पतीची धुमसती कांडी कातडीपासून दोनतीन बोटं दूर धरायची. ती वनस्पती आर्टेमिसिया प्रजातीतली. आपला दवणाही त्याच प्रजातीतला! चैत्रात जोतिबाला दवणा वाहताना हाताला जो वास लागतो, तसाच काहीसा वास माझ्या क्लिनिकला रोज येतो.

---

सिद्धेश्वर_पेठ

सोलापूरकर म्हणून अभिमान वाटतो. आमच्या डॉ. कोटणीसांनीच अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं ना?

---

संत्रानगरी

सिद्धेश्वर_पेठ, अभिमान जरूर बाळगा, पण ही गोष्ट थोडी वेगळी आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्जन होते. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. आघाडीवर जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे १९५८-५९ च्या सुमाराला पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि परतल्यावर कोलकात्यात सुरू केलं. कोटणीसांच्या नावाने चालणाऱ्या स्मारक समित्यांनी नंतर अ‍ॅक्युपंक्चरची केंद्रं चालवली, म्हणून दोन्ही नावं एकत्र झाली.

आणि पथकातले डॉ. चोळकर आमच्या नागपूरचे. त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी इथे घेतो.

---

सिद्धेश्वर_पेठ

चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार. चोळकरांबद्दल खरंच माहीत नव्हतं.

---

मावळचा_गडी

माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी एका मोफत शिबिरात खांदा धरला म्हणून गेलो. जागा आणि नाव सांगत नाही. तिथल्या माणसाने कॉलरबोनच्या खाली सरळ सुई घातली. तेव्हा नुसती कळ आली. संध्याकाळी भात खाता खाता घास घशाखाली उतरेना, श्वास अर्धवटच यायचा. रात्री एक्स-रे काढला तर फुफ्फुसाला भोक पडून बाहेर हवा साठलेली. बरगड्यांमधून नळी घातली, चार दिवस बाटली हातात घेऊन वॉर्डात फिरलो. टोचणाऱ्याकडे कसलं प्रशिक्षण होतं ते विचारायचं मला सुचलंच नाही. लोकहो, विचारा.

---

केतकी_करवीर

वाचून पोटात गोळा आला. तुमच्या जागेवरून वाटतं की त्याला झोंगफू घ्यायचा असावा, फुफ्फुस वाहिनीचा पहिला बिंदू, मध्यरेषेपासून ६ चून बाहेर, पहिल्या फटीत. तिथे सुई तिरकी आणि बाहेरच्या दिशेला जायला हवी. आत किंवा सरळ गेली की खाली फुफ्फुसच आहे. मध्यरेषेवर निदान बहुतेकांना हाडाचं कवच असतं, बाजूला तेही नाही.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, परिषदेकडे नोंदणी असते. टोचून घेण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. कुणी रागावलं तर तिथून उठा. सुई एकदाच वापरायची, सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलेली हवी. आणि छातीवर सुई घ्यायची असेल तर "आडवी की उभी?" एवढं विचाराच. उत्तर द्यायला तो अडखळला तरी तुम्हाला कळेल.

---

शेखर_विंचूर

बायपास झालेल्यांनी दाबलेलं चालतं का? माझ्या काकूंचं गेल्या वर्षी झालं.

---

केतकी_करवीर

बायपासमध्ये छातीचं हाड मधोमध कापून तारांनी शिवतात. जखम आणि हाड पूर्ण भरेपर्यंत तिथे दाब, शेक, सुई काहीच नको. नंतरही सर्जनला विचारल्याशिवाय नको. मनगटाचा नेईगुआन चालेल: मनगटाच्या आतल्या घडीपासून स्वतःची तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दिसणाऱ्या स्नायुबंधांच्या मध्ये.

---

गोदाकाठ

कळवायला आठ दिवस लागले, माफ करा. त्या रात्रीच नेलं. ईसीजीत बदल होते, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, एका मुख्य धमनीत मोठा अडथळा. स्टेंट टाकला. बाबा घरी आले आहेत, औषधं सुरू आहेत. क्षकिरण आणि केतकीताई, तुमचे दोन्ही प्रतिसाद आईने कागदावर उतरवून देवघरात ठेवले आहेत. यापेक्षा जास्त काय लिहू, सुचत नाही.

---

क्षकिरण

वेळेवर नेलंत, तेच महत्त्वाचं. रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकू देऊ नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद तर मुळीच नको.

---

केतकी_करवीर

वाचून डोळे भरून आले. बाबांना नमस्कार सांगा. त्या गोळ्या चालू आहेत तोवर कुठेही सुया घ्यायच्या झाल्या तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, रक्तस्रावाचा धोका असतो.

---

गोदाकाठ

हो ताई, सुया नकोतच. आज दुपारी बाबांनी तुमचा मूळ लेख परत वाचायला मागितला. मग आरशासमोर उभं राहून गळ्याच्या खळग्यापासून बोट खाली आणलं, उंचवटा सापडला, बरगड्या मोजल्या, चौथ्या फटीतून मध्यावर आले. बराच वेळ बोट तिथेच ठेवून उभे होते. मग म्हणाले, "अरे, मी इतके दिवस दोन बोटं खालीच दाबत होतो."